श्रावणात आखडणारा हात

बेंगळुराच्या बळेपेटेतल्या लोकांच्या लक्षात विमला पहिल्यांदा आली ती फुलं विकत न घेणारी मुलगी म्हणून. चोपन्न साल होतं. दर गुरुवारी सकाळी कॉलेजला जायच्या आधी ती सिटी मार्केटच्या फुलांच्या ओळीत शिरायची, एकेका फूलवालीपुढे उभी राहून कनकांबराचा, म्हणजे आपल्या अबोलीचा, भाव विचारायची, मान हलवायची आणि पुढे सरकायची. घासाघीस नाही, माळ हातात घेऊन बघणं नाही. फूलवाल्या आधी चिडल्या, मग हसायला लागल्या. एकजण म्हणायची, "आली गं बाई, तोंडानंच बाजार करणारी." दुसरी म्हणायची, "भाव सांगायला पैसे पडत नाहीत अम्मण्णी, ने हवे तेवढे."

विमला ही वासुदेवराव शिंप्यांची मुलगी. घरात सांगत, की मूळ पुरुष शहाजीराजांच्या फौजेबरोबर तंबू शिवायला आला. तंबू उठले, फौज गेली, हा आपला सुईदोरा घेऊन बेंगळुरातच राहिला. तीनशे वर्षांत तंबूंचे कोट झाले आणि घरच्या मराठीत निम्मं कानडी मिसळलं. विमलेची आई लवकर गेली. घर सांभाळत होत्या त्या भागीरथीबाई, वासुदेवरावांच्या विधवा बहीण. विमला अंगानं लहानखुरी, बोलायला कमी. समोरचा बोलत असला की मान थोडी उजवीकडे कलवून ऐकायची आणि शेवटी "सरी" म्हणायची. ओळखीच्यांना ठाऊक होतं, की तिच्या 'सरी'चा अर्थ 'ऐकलं' इतकाच असतो. 'पटलं' असा नसतो.

ती अर्थशास्त्र घेऊन एम.ए. करत होती आणि प्रोफेसर श्रीधरराव तिचे मार्गदर्शक होते. श्रीधरराव म्हणजे वर्गात गेल्यावर हजेरी घ्यायला विसरणारे आणि तास संपल्याची घंटा ऐकू न येणारे गृहस्थ. परदेशी पुस्तकांतल्या अर्थशास्त्राचा त्यांना मनापासून राग होता. त्या सिद्धान्तांची गृहीतकं, म्हणजे आधीच खरी मानून चालायच्या गोष्टी, ते फळ्यावर एकाखाली एक लिहीत. प्रत्येक विकणाऱ्याला आपला जास्तीत जास्त फायदा कशात आहे हे कळतं. प्रत्येक गिऱ्हाईक विकणाऱ्याला सारखंच. मग खडू खाली ठेवून विचारत, "असा माणूस कुणी पाहिलाय? चिकपेटेत? आपल्या घरात? पायाच खोटा, तर वर माडी कशाची चढवता?" मुलं हसत. विमला हसत नसे, लिहून घेत असे.

प्रबंधाचा विषय त्यांनीच सुचवला होता. सिद्धान्त म्हणतो, माल कमी झाला आणि मागणी वाढली की भाव चढतो. आपल्या फुलबाजारात तसं होतं का, ते बघायचं. श्रावणात दर मंगळवार-शुक्रवारी पूजा, पुढे गौरी-गणपती. फुलांना मागणी दुप्पट आणि पावसानं माल निम्मा. सिद्धान्त खरा असेल तर श्रावणात भाव भडकला पाहिजे.

भाव भडकला नाही. बेंगळुरात गुंफलेली फुलं वजनावर विकत नाहीत, हातानं मोजून विकतात. फूलवालीच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माळ भरली की झाला एक मोळ. कनकांबराचा मोळ एक आणा. विमलेनं वर्षभर विचारलं. आषाढात एक आणा, श्रावणात एक आणा, माघात फुलं कोमेजून फेकायची वेळ आली तेव्हाही एक आणा. भाव कसा ठरवता, असं ती विचारी तेव्हा उत्तरं ठरलेली. कुणी म्हणे, माझी सासू याच भावानं विकायची. कुणी म्हणे, देवाच्या फुलाला भाव वाढवला तर हात झडेल. फायद्या-तोट्याचं गणित मांडते असं कुणीच म्हणालं नाही.

श्रीधरराव खूश झाले. गृहीतकंही खोटी आणि निकालही खोटा. त्यांनी स्टाफरूममध्ये सांगून टाकलं, की शिंप्याच्या पोरीनं विलायती सिद्धान्ताला भर बाजारात पाडलं. प्रबंध दसऱ्यापर्यंत द्यायचा, आणि तो दिला की कॉलेजातली ट्यूटरची रिकामी जागा तिला मिळावी म्हणून आपण शब्द टाकू, असंही ते म्हणाले. त्या घरात अजून कुणी खुर्चीवर बसून पगार घेतला नव्हता. त्या आठवड्यात वासुदेवराव गिऱ्हाइकांशी जरा जास्तच हसून बोलले.

असा पंचावन्न सालचा श्रावण आला. विमलेच्या घरी फुलांचा रतीब होता गंगव्वाचा. गंगव्वा मार्केटमध्ये बसायच्या आधी पेठेतली ठरलेली घरं करायची. विमलेचं जावळ काढलं त्या दिवशीही हिनंच फुलं दिली होती. देव्हाऱ्यावर भवानीची तसबीर होती. गंगव्वानं दिलेला मोळ तिच्या डाव्या खिळ्यापासून उजव्या खिळ्यापर्यंत बरोबर पोचायचा. त्या श्रावणात लेकीच्या बाळंतपणाला गंगव्वा मागडीकडे गेली आणि भागीरथीबाईंना मोळ मार्केटमधून आणावा लागला. माळ उजव्या खिळ्याला पोचेना.

"फसवलं रांडेनं," भागीरथीबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी दुसरीकडून आणला. तोही पोचेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी विमलेला पाठवलं. विमलेनं तीन जणींकडून तीन मोळ घेतले, तिघींच्या हातांची लांबी नजरेनं मापून घेतली, आणि घरी येऊन एकेक माळ तसबिरीला लावून पाहिली. एकही पोचली नाही. फुलंही विरळ गुंफलेली होती.

ती बराच वेळ देव्हाऱ्यापुढे उभी राहिली. आत्या म्हणाल्या, "चपाती गार होतेय." ही म्हणाली, "आत्या, भाव वाढलाय." आत्या म्हणाल्या, "कसला वाढलाय? एकच आणा घेतला की."

तिचं वर्ष त्या एका वाक्यात वाहून गेलं. भाव चढला होता. फक्त तो तोंडानं सांगायच्या आण्यात चढला नव्हता, हातानं मोजायच्या मोळात चढला होता. ती वर्षभर विचारत राहिली आणि एकदाही विकत घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात गंगव्वा परतली, आणि त्याच टंचाईच्या दिवसांत तिचा मोळ दोन्ही खिळ्यांना टेकला. हे तर आणखीच कळेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी विमला श्रीधररावांकडे गेली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते.

"बरं, मोळ आखडतो," ते म्हणाले. "पण फूलवाली गणित मांडून आखडते का?"

"नाही सर. तिला ठाऊकच नाही."

"मग झालं तर. सिद्धान्त म्हणतो ती गणित मांडते. ते खोटं आहे. तुझा पहिला भाग जसाच्या तसा उभा आहे. दुसऱ्या भागात एक तळटीप घाल आणि दे."

"सर, नुसत्या गृहीतकावरूनच निकाल द्यायचा असता तर मला बाजारात जायचं काय कारण होतं? ते वर्गातच कळलं होतं."

श्रीधररावांनी चष्मा काढला. अमेरिकेतला एक पंडित हल्ली असंच काहीतरी म्हणतो, असं त्यांच्या कानावर होतं: गृहीतकं खरी का खोटी ते बघूच नका, त्यावरून केलेलं भाकीत खरं ठरतं का एवढंच बघा. लायब्ररीत आलेलं ते लिखाण विमलेनंही वाचलं होतं. तिला ते अर्धंच पटलं होतं, पण कोणतं अर्धं ते अजून सांगता येत नव्हतं.

"त्या नादाला लागू नकोस," ते म्हणाले. "आणि हे बघ, जागा दसऱ्यानंतर भरतील. जागा कुणासाठी थांबत नसते."

"सर, मला आणखी एक वर्ष लागेल."

या वेळी ती 'सरी' म्हणाली नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुझी मर्जी."

घरी भागीरथीबाईंनी कपाळावर हात मारला. हातातोंडाशी आलेली नोकरी चार बोटं माळेपायी घालवलीस, म्हणाल्या. वासुदेवराव कोट कापत होते. त्यांच्या पुढ्यात कागदी फर्मा होता, म्हणजे कापडावर ठेवून खडूनं आखायचा नमुना. त्यांनी एवढंच विचारलं, की नेमकी अडचण कुठे आहे. विमलेनं सांगितलं.

"हा फर्मा बघ," ते म्हणाले. "यात दोन्ही खांदे सारखे धरलेत. दोन्ही खांदे सारखे असलेला माणूस मी जन्मात पाहिला नाही. पण कोट बसतो. मग फर्मा खोटा म्हणून फाडू का?"

"श्रीधररावसरांचा बसतो?"

वासुदेवराव हसले. श्रीधररावांचा कोट तेच शिवत, आणि पुस्तकं वाहून वाहून श्रीधररावांचा डावा खांदा चांगलाच उतरलेला होता. "नाही बसत. त्यांच्यापुरता तिथे भर घालतो."

"म्हणजे अण्णा, थोडा खोटेपणा चालतो, पण कुणाच्या खांद्यावर चालत नाही ते आधी ठाऊक पाहिजे."

"ते कापडावर नाही कळत. अंगावर चढवून बघावं लागतं," ते म्हणाले आणि पुन्हा कात्री चालवू लागले.

विमला त्यानंतर वर्षभर 'अंगावर चढवून बघत' राहिली. आता ती विचारत नव्हती, विकत घेत होती. दर गुरुवारी निरनिराळ्या फूलवाल्यांकडून एकेक मोळ घ्यायचा, अण्णांच्या कापायच्या टेबलावर लाकडी गजाशेजारी सरळ करून लांबी घ्यायची, फुलं किती दाट ते बघायचं. पैसे शिकवण्यांतून यायचे. फुलं मग आळीत वाटून टाकायची. बायका म्हणायच्या, घरात लग्न निघालंय का कुणी देवीला नवस बोललंय. बसवंत पानवाला तर तिला येताना पाहून म्हणायचा, "अक्का, आमच्या मारुतीला आजचा अभ्यास मिळेल का?" ती न हसता त्याला एक माळ देऊन टाकायची.

आणि ती एक गोष्ट हट्टानं करायची: आधी सांगायचं, मग मोजायचं. माल किती आला, सण कोणता, यावरून गुरुवारचा मोळ कुठवर भरेल ते आदल्या दिवशी ठरवायची आणि देव्हाऱ्याच्या भिंतीवर पेन्सिलीनं बारीक खूण करायची. छप्पन्न सालच्या श्रावणात भागीरथीबाईंनी स्वतः माळ लावून पाहिली. खुणेच्या जवळपासच संपली. "भिंत खराब केलीस," त्या म्हणाल्या, पण पुढच्या वेळी नवी खूण कुठे आहे ते त्यांनीच आधी बघितलं.

अडलं ते फक्त गंगव्वापाशी. तिचा दारातला मोळ काही केल्या आखडेना. विमला मार्केटमध्ये तिच्यापुढे जाऊन बसली आणि तिला सरळ विचारलं, की श्रावणात सगळ्याजणींचा मोळ तोकडा होतो, तुझा कसा होत नाही.

गंगव्वाला ते विचारणंच लागलं. "मोळ म्हणजे मोळ. माझा हात काय श्रावणात निराळा उगवतो? आण तुझ्या बापाचा टेप." आणि तिनं सगळ्यांदेखत हात पुढे केला.

विमलेपाशी टेप होता. तिनं हात मोजला. तेवढ्यात एक अनोळखी बाई मोळभर फुलं मागायला आली. गंगव्वानं नेहमीसारखी माळ बोटांत धरून कोपराकडे ओढली. विमला बघत होती: बोटं किंचित आत वळली होती, माळ कोपराच्या टोकाशी न पोचता अलीकडेच तुटली. टेप लावला तर चार बोटं कमी.

शेजारची फूलवाली मोठ्यानं म्हणाली, "गंगव्वा, तुझा हात पावसात भिजून आटला गं." सगळी ओळ हसली. गंगव्वा हसली नाही. तिनं आपल्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा. मग टोपलीतून फुलं घेऊन चार बोटं माळ गुंफली, त्या बाईच्या हातात दिली, आणि विमलेकडे वळून पाहिलं नाही.

विमलेला तिथेच उलगडा झाला. सकाळी रतिबाच्या घरी पुरा मोळ देताना जी फुलं जास्तीची जात, ती मार्केटमध्ये येणाऱ्या परक्या गिऱ्हाइकांच्या माळेतून भरून निघत होती. गंगव्वानं हे कधी ठरवलं नव्हतं. तिच्या हातानं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात फुलं आली नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. विमला मार्केटमध्ये गेली आणि गंगव्वापुढे उकिडवी बसली.

"तुझ्या दारात मी कधी कमी मोजलं?" गंगव्वानं विचारलं.

"कधीच नाही."

"मग मोजलंस कशाला?"

"कमी का होत नाही, ते कळत नव्हतं."

"कळलं?"

"हो. आम्ही तुला परके नव्हतो."

गंगव्वा थोडा वेळ पानांवर पाणी शिंपडत राहिली. "आता झालात तुम्ही, अम्मा," ती म्हणाली. "किती देऊ? मोळाला एक आणा."

विमलेनं आणा दिला. माळ घरी आणून गजाशेजारी ठेवली. मग डोळे पुसले आणि जे भरलं ते लिहिलं.

सत्तावन्नच्या आरंभी तिची तोंडी परीक्षा झाली. मद्रासहून परीक्षक आले होते. श्रीधरराव त्यांच्या शेजारी बसले होते. ट्यूटरची जागा केव्हाच भरली होती, त्यामुळे पणाला लागलेलं जे काही उरलं होतं ते त्या प्रबंधातच होतं. परीक्षकांनी पानं चाळली आणि म्हणाले, की तुमचं म्हणणं निसटतंय. गृहीतकं खोटी असली तरी चालतं, की चालत नाही? एक काय ते सांगा.

"एक सांगता येत नाही," विमला म्हणाली.

परीक्षकांनी भुवया उंचावल्या. श्रीधरराव पुढे झुकले.

"मार्केटमधली फूलवाली गणित मांडत नाही," विमला सावकाश बोलू लागली. "सिद्धान्त धरून चालतो की ती मांडते. हे खोटं आहे, पण तिचा हात गणित मांडल्यासारखाच चालतो, म्हणून आधी केलेली भाकितं तिथे खरी ठरली. सिद्धान्त असंही धरून चालतो, की सगळी गिऱ्हाइकं तिला सारखी. हेही खोटं. मार्केटमध्ये यानं काही बिघडत नाही, कारण तिथे येणारे बहुतेक परकेच. रतिबाच्या दारात मात्र त्यानंच सगळं बिघडलं. बाई तीच, फूल तेच, दिवस तोच, आणि भाकीत साफ चुकलं. गृहीतक खोटं आहे एवढ्यावरून सिद्धान्त टाकता येत नाही. आणि खोटं असलं तरी काय झालं, असं म्हणून डोळेही मिटता येत नाहीत. कोणतं खोटं कुठवर चालतं, हे दर ठिकाणी जाऊन मोजावं लागतं."

"दर ठिकाणी?" परीक्षक म्हणाले. "मग सिद्धान्ताचा उपयोग काय?"

"सिद्धान्त नसता तर गंगव्वाच्या पुऱ्या मोळाचं मला नवल वाटलं नसतं, सर. मी तो लहानपणापासून बघत होते."

परीक्षकांनी आणखी तासभर विचारलं. फूलवाल्यांची संख्या थोडी आहे, एका बाजारावरून इतकं बोलू नये, असं बजावलं. विमला म्हणाली, "सरी." मग त्यांनी तिला पास केलं.

बाहेर व्हरांड्यात श्रीधररावांनी तिला गाठलं. आपल्याला अजून पटलेलं नाही, असं त्यांनी आधी सांगितलं. पाया खोटा तो खोटाच. मग म्हणाले, "पण मी बाजारात गेलो नव्हतो, तू गेलीस." पुढे त्यांच्या वर्गात गृहीतकांच्या यादीखाली ते रेघ मारत आणि त्या रेघेखाली 'मोळ' असा एकच शब्द लिहीत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. तो समजावून सांगत का नुसताच लिहीत, याबद्दल मात्र दुमत आहे.

विमलेला नोकरी लगेच मिळाली नाही. चार वर्षं तिनं मुलींच्या हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवला, दर उन्हाळ्यात कॉलेजांकडे अर्ज केले, नकार आले की पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा केले. एकसष्ट साली एका कॉलेजात तिला अर्थशास्त्राची लेक्चरर म्हणून घेतलं. पहिल्या पगाराचं तिनं अण्णांसाठी कोटाचं कापड आणलं; ते त्यांनी श्रीधररावांच्या कोटाला वापरून टाकलं, कारण श्रीधरराव निवृत्त होत होते आणि त्यांचा खांदा आता आणखी उतरला होता. वर्गात ती मुलींना एखादा सिद्धान्त शिकवते आणि मग म्हणते, "आता हा कुठे बसणार नाही, ते शोधून आणा." मुली कुरकुरतात, आणि जातात. परत येऊन नुसतं विचारून आले असं सांगणाऱ्या मुलीला ती पुन्हा पाठवते.

गंगव्वा थकली, तिच्या जागेवर आता तिची सून बसते. विमलेनं मधल्या काळात दोनदा रतीब पुन्हा सुरू करायला सांगून पाहिलं. दोन्ही वेळा गंगव्वा गोड बोलली, तब्येत विचारली, आणि या बाजूची घरं आता होत नाहीत म्हणाली.

विमला आता आत्यांना घेऊन जयनगरात राहते. भवानीची तसबीर तिनं तिकडे नेली आहे. फुलं ती दर गुरुवारी मार्केटला जाऊन गंगव्वाच्या सुनेकडून विकत आणते, आणि श्रावणात माळ उजव्या खिळ्याला पोचत नाही.